बालवाडीतलं शोधाचं नियोजन: हळदीच्या एका कंदावरून

प्रश्न (विट्याजवळच्या एका बालवाडीच्या शिक्षिकेचा): आमच्याकडे 3 ते 6 वयाची 22 मुलं एकाच वर्गात बसतात. आजवर मी महिन्याला एक विषय घेत आले. जूनमध्ये पाऊस, जुलैत फळे, मग सण, वाहने, प्राणी. यंदा संस्थेनं सांगितलंय की नियोजन 'संकल्पनाधारित, आंतरविषय आणि शोधातून शिकण्याचं' हवं. सोबत तक्ता दिलाय, त्यात भाषा, गणित, परिसर, कला, संगीत, शारीरिक असे रकाने आहेत. मी 'आंबा' घेऊन सगळे रकाने भरून दिले, तर मुख्याध्यापिका म्हणाल्या, हे जुनंच झालं. मग नवं नेमकं काय करायचं?

उत्तर:

ताई, तक्ता थोडा वेळ मिटून ठेवा, त्याच्याकडे नंतर येऊ. तुमच्या मुख्याध्यापिका बरोबर बोलल्या, फक्त पुढचं सांगायचं राहिलं. आंब्यात चूक काही नाही. अडचण एवढीच की 'आंबा' आंब्यापाशीच संपतो. आंब्याचं चित्र रंगवा, आंब्याचं गाणं म्हणा, आंबे मोजा, आंब्याच्या आकाराचा कागद कापा. मूल महिनाभर आंब्याभोवती फिरतं आणि शेवटी त्याला आंब्याबद्दल घरी जेवढं माहीत होतं तेवढंच माहीत असतं.

त्याऐवजी 'बदल' घ्या. कैरी पिकते तो बदल, लोणच्यात मुरते तो बदल, माठातलं पाणी कमी होतं तो बदल, दात पडतो तोही बदलच. वस्तू बदलली तरी जे हातात राहतं, ती संकल्पना. नव्या ताईंना मी एक कसोटी सांगते. तुमचा शब्द घ्या आणि स्वयंपाकघरात, दवाखान्यात, शेतात आणि नदीकाठी फिरवून आणा. चारही ठिकाणी कामाला आला तर तो पुढं न्या. 'आंबा' स्वयंपाकघरातच बसून राहतो.

या वयाला अशा संकल्पना फार लागत नाहीत. आय.बी. (इंटरनॅशनल बॅकलॉरिएट) या आंतरराष्ट्रीय शिक्षणसंस्थेच्या प्राथमिक अभ्यासक्रमात सात आहेत: रूप, कार्य, कारण, बदल, संबंध, दृष्टिकोन, जबाबदारी. शब्द जड, पण प्रत्येकामागं एक साधा प्रश्न उभा आहे. हे कसं आहे? हे चालतं कसं? असं का झालं? आधी कसं होतं, आता कसं झालं? हे कशाला जोडलंय? तिला तसं वाटतं, मला असं का? मग आपण काय करायचं? यातले निम्मे प्रश्न तुमची मुलं डबा खाताना विचारत असतील. त्याच अभ्यासक्रमात 3 ते 5 वयासाठी वर्षाला किमान चार घटक सांगितले आहेत. आपण दहा घेतो आणि धापा टाकतो. तुम्ही चारच घ्या, पहिल्या वर्षी तीन घेतलेत तरी कमीपणा नाही. 'दृष्टिकोन' तेवढा मी घटक म्हणून घेत नाही. तो भांडणाच्या वेळी वापरते, तिथं त्याचा उपयोग लगेच होतो.

हे परदेशी खूळ आहे असं शाळेत कुणी म्हणालं तर त्यांना आपलाच इतिहास सांगा. बालशिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेकांचं बालमंदिर गुजरातेत भावनगरला 1920 मध्ये सुरू झालं. ताराबाई मोडक तिथं जाऊन मिळाल्या, 1926 मध्ये नूतन बाल शिक्षण संघ उभा राहिला, आणि पुढं 1945 मध्ये त्या बोर्डीला खेड्यात कामाला गेल्या. अनुताई वाघ त्यांच्यासोबत होत्या. बोर्डी आणि कोसबाडच्या त्या कामात साधनं होती बिया, पानं, शंख, खडे, माती. म्हणजे मुलाच्या पायाखाली जे आहे ते. 2020 च्या शैक्षणिक धोरणानं 3 ते 8 हा एकच पायाभूत स्तर केला आणि 2022 च्या, याच स्तराच्या अभ्यासक्रम आराखड्यानं खेळ आणि अनुभव पुन्हा मधोमध आणून ठेवले. शब्द नवे आले असले तरी वाट आपली ओळखीचीच आहे.

आता काम प्रत्यक्ष कसं चालतं, ते एका घटकावरून सांगते.

सांगलीत नदीकडच्या भागात आमची बालवाडी होती, 26 मुलं. फेब्रुवारी होता, हळदीची काढणी जोरात. मार्केट यार्डाच्या बाजूनं जा, नाकालाच कळतं. सांगलीच्या हळदीला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं ही मोठ्यांच्या कौतुकाची गोष्ट, पण आमच्या मुलांच्या लेखी हळद म्हणजे मिसळणाच्या डब्यातली पिवळी पूड. ती जमिनीत येते हे 26 पैकी तिघांना माहीत होतं आणि तिघंही शेतकऱ्यांची.

नियोजनाच्या पानावर मी सर्वांत आधी गाभ्याचं वाक्य लिहिते. इथं ते होतं, 'वस्तू बदलतात. काही बदल परत फिरवता येतात, काही येत नाहीत.' हे वाक्य माझ्यासाठी आहे, मुलांपुढं ते एकदाही उच्चारायचं नाही. शेवटी मुलांनी आपल्या बोलीत त्याच्या आसपासचं काही म्हटलं तर घटक जमला. मी म्हटलं आणि त्यांनी पाठोपाठ म्हटलं तर फसला. त्याखाली मला स्वतःला पडलेले दोन-तीन प्रश्न. मग पहिल्या आठवड्यात चटईवर काय मांडायचं, मुलाला समजलं हे मला कशावरून कळेल, आणि धोका कुठं आहे. पान इथं संपतं. मागची बाजू कोरी. ती का कोरी ठेवायची हे संस्थेला समजावताना मला दोन वर्षं गेली. दुसऱ्या आठवड्यापासून नियोजन मुलांच्या प्रश्नांवर चालतं आणि ते प्रश्न अजून आलेलेच नसतात, तर लिहिणार काय?

पहिल्या दिवशी मी काही शिकवलं नाही. एका पालकानं पानांसकट, मातीसकट कंद आणून दिले होते, ते गोणपाटावर ठेवले आणि शेजारी बसले. 'बाई, आलं हाय हे.' 'आल्याचा वास न्हाई येत.' एकानं तुकडा मोडला आणि ओरडला, 'आत गाजर हाय!' मी ही वाक्यं जशीच्या तशी लिहून घेतली. बोली सुधारायची नाही, कागदावर तर मुळीच नाही. मुलाचं वाक्य पुस्तकी करून लिहिलं की त्यातलं त्याचं जे निरीक्षण असतं तेच पुसलं जातं.

तिसऱ्या दिवशी विचारलं, 'ही शिजवली तर काय होईल?' उत्तरं आली: मऊ हुईल, पिवळं वरण हुईल, फुटंल. साडेतीन वर्षांची एक म्हणाली, 'रडंल.' चारही उत्तरं फळ्यावर चित्रांनी काढली, बरोबर कुणाचं ते सांगितलं नाही. मदतनीस मावशींनी गॅसवर पातेलं ठेवलं, मुलं खडूच्या रेषेमागं. फेस आला, वास सुटला. पाऊण तासानं मावशींनी एक हळकुंड काढून निववलं आणि एकेकानं त्यात काडी खुपसून पाहिली. रडण्याचंही चुकलं नव्हतं, असं त्या मुलीचं म्हणणं. पातेल्याच्या झाकणाला आतून पाणी होतं.

मग शिजलेली 14 हळकुंडं गच्चीवर वाळत घातली. एक साधा तराजू, एका पारड्यात हळकुंडं, दुसऱ्यात नदीतले खडे. पहिल्या दिवशी पारडी सारखी व्हायला 20 खडे लागले. चार दिवसांनी 13. कुणीतरी म्हणालं, उंदरानं खाल्लं असणार. सगळ्यांना पटलं. मी विचारलं, 'कसं कळेल आपल्याला?' बराच वेळ कुणी बोललं नाही. मग साडेपाच वर्षांचा एकजण म्हणाला, 'मोजू या की.' मोजली, तर 14 ची 14. उंदीर सुटला. बाराव्या दिवशी 5 खडे उरले आणि हळकुंडं मोडताना खट्ट वाजायला लागली. शेतकरी वाळण्याची परीक्षा याच आवाजावर करतात, हे आम्हांला नंतर एका आजोबांनी सांगितलं.

ताई, तुमच्या तक्त्याचं उत्तर या उंदरात आहे. गणिताचा रकाना भरायचा म्हणून मी हळकुंडं मोजायला लावली असती तर मुलांनी मोजली असती आणि विसरली असती. त्या दिवशी मोजल्याशिवाय उंदराचा निकाल लागत नव्हता. विषय असा यावा, अडलं म्हणून. आंतरविषय म्हणजे प्रत्येक विषयाला पंगतीत पान वाढणं, असा समज करून घेतला की मग 'हळदीचं गाणं' जन्माला येतं. तालाला बरं असतं, पण त्या गाण्यानं कुठलाच प्रश्न पुढं सरकत नाही. आमच्या या घटकात संगीत जवळजवळ आलंच नाही, त्या खट्ट आवाजापुरतं आलं. रोजची गाणी रोजच्या वेळेला चालू होतीच. रकाना रिकामा राहिला, राहू दिला.

पुढचं मात्र माझ्या पानावर नव्हतंच. एका मुलीच्या फ्रॉकवर हळदीचा डाग पडला होता. दुसऱ्या दिवशी ती आली ती रागातच. 'आईनं साबन लावला तर लाल झालं!' आपल्यातल्या प्रत्येक बाईला हे माहीत आहे, पण मी स्वतः कधी ते प्रश्न म्हणून पाहिलं नव्हतं. हळदीतला रंग साबण, सोडा, चुना यांच्या संगतीत लालसर होतो. हळदीला चुना लावून कुंकू करतात ते यामुळंच. मी पुढच्या आठवड्याचं ठरलेलं बाजूला ठेवलं. जुन्या धोतराचे तुकडे हळदीच्या पाण्यात बुडवून वाळवले आणि मुलांना साबणाचं पाणी आणि बोटं दिली. पिवळ्यावर लाल रेघा उमटायला लागल्या तशी दंगल झाली. नंतर लिंबाची फोड ठेवली, काही न बोलता. लिंबू लावलं की लाल पुन्हा पिवळं. ते इतक्या वेळा करून झालं की लिंबं संपली. 'परत येतंय, परत जातंय' असं एकजण गुणगुणत होता. गाभ्याच्या वाक्याचा अर्धा भाग तिथं आला. (चुना वर्गात आणू नका. डोळ्यांत गेला तर भारी पडतो. साबणाचं काम साबणानंच करा, आणि ते हात डोळ्यांना लावू देऊ नका. आणि आदल्या दिवशी पालकांना जुने कपडे घालून पाठवायला सांगा. मी नव्हतं सांगितलं, आणि मला जे ऐकून घ्यावं लागलं ते इथं लिहीत नाही.)

उरलेला अर्धा भाग यायला जून उजाडला. एका मुलाला शिजलेली हळद पेरायची होती. मला उत्तर माहीत होतं, पण माझं माहीत असणं कामाचं नव्हतं. दोन कुंड्या केल्या, एकीत कच्चा कंद, दुसरीत शिजलेला. खुणेला कच्च्याच्या कुंडीवर मातीचं चित्र, दुसरीवर पातेल्याचं. मार्च संपला, दोन्हींत काही नाही. नव्यानं काढलेला हळदीचा कंद काही काळ झोपूनच असतो, हे मी हिशेबात धरलंच नव्हतं. एप्रिलमध्ये मुलांचा रस संपला आणि माझी जिरली. सुट्टीत मावशी पाणी घालत राहिल्या. जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा मातीच्या चित्राच्या कुंडीत कोंब होता आणि पातेल्याच्या कुंडीत उकरल्यावर काळा लगदा. पहिलीत गेलेली दोघंतिघं मधल्या सुट्टीत मुद्दाम बघायला आली. त्यातला एक कुंडीकडं बघत म्हणाला, 'शिजलं की संपलं. लिंबू लावलं तरी येत न्हाई.' एवढ्यासाठी चार महिने. पण हे वाक्य मी त्याला दिलेलं नव्हतं.

मधे ते आजोबा येऊन गेले ते सांगायचं राहिलं. ते सांगलीजवळच्या हरिपूरचे. तिथं जमिनीत खोल पेवं, म्हणजे साठवणीची भुयारं, असायची आणि त्यांत हळद वर्षानुवर्षं टिकायची. 2005 च्या पुरात त्यांतली बरीच गेली. मुलांनी अंगणात खड्डा करून हळकुंड पुरलं आणि रोज उकरून पाहिलं, त्यामुळं ते टिकलं की नाही हे कळायला वावच मिळाला नाही. पण बदल 'होऊ नये' म्हणूनही माणसं खटपट करतात, ही दिशा मला सुचली नव्हती. ती पुढच्या वर्षी लोणचं-पापडाच्या घटकात वापरली. पाहुणा बोलवायचा तर असा, हातानं काम केलेला, आणि त्याला आधी सांगून ठेवायचं की भाषण नको, वस्तू आणा.

प्रश्न कसे विचारायचे याबद्दल थोडं, कारण नियोजनातलं हेच सर्वांत अवघड. तीन-चार वर्षांच्या मुलाला 'का?' विचारलं की ते गप्प होतं किंवा आपल्या चेहऱ्याकडं बघून उत्तर शोधतं. 'तुला काय दिसतंय?', 'आता काय होईल?', 'कसं कळेल?' हे तीन माझे हातखंडा प्रश्न. विचारल्यावर मनात पाच आकडे मोजायचे. पाच फार लांब वाटतात, वर्गात शांतता पसरली की आपल्यालाच घाम फुटतो, पण बुजरी मुलं चौथ्या-पाचव्या आकड्यालाच बोलतात. आणि पहिल्या उत्तराला 'शाब्बास' म्हणायचं नाही. शाब्बास म्हटलं की बाकीच्यांना वाटतं, उत्तर सापडलं, खेळ संपला.

एकाच वर्गात तीन वयं आहेत ही तुमची अडचण नाही, सोयच आहे. तिनाची मुलं हाताळतात, वास घेतात, वेगळं-सारखं करतात. चाराची अंदाज बांधतात. पाचाच्या पुढची खूण करून ठेवतात, दर खड्यासाठी एक काडी, म्हणजे उभी रेघ, ओढतात, चित्र काढून सांगतात. वस्तू तीच, मागणी वेगळी. वेगळे तीन पाठ करत बसू नका.

नोंदींचं म्हणाल तर रोज चारच मुलांकडं नीट बघा आणि प्रत्येकाच्या नावापुढं एकच ओळ लिहा, त्यानं काय केलं किंवा म्हटलं. 22 मुलं सहा दिवसांत होतात. 'छान सहभाग घेतला' ही ओळ लिहायची नाही, तिच्यातून काही कळत नाही. शिवाय पहिल्या दिवशी आणि शेवटी त्याच वस्तूचं चित्र काढून घ्या. आमच्याकडं पहिलं चित्र डब्यातल्या पुडीचं होतं, शेवटचं मुळ्या, माती आणि पातेल्याचं. पालकसभेत ही दोन चित्रं शेजारी लावली की 'एबीसीडी कधी?' हा प्रश्न थांबत नाही, पण जरा हळू आवाजात येतो. त्यावर मी खड्यांच्या काड्या दाखवते. लिहिण्याच्या आधी खूण करून ठेवायची गरज वाटावी लागते, ती इथं तयार होते. काहींना पटतं, काहींना नाही.

आणि सगळा दिवस हळद नको. दिवसातला तास-सव्वा तास. बाकी गोष्ट, झोपाळा, खाऊ, भांडणं आपापल्या जागी चालू राहू द्या.

माझा फसलेला घटकही सांगते, तो तुमच्या जास्त उपयोगी पडेल. ऑगस्ट 2019 मध्ये सांगलीत महापूर आला, कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी 57 फुटांच्या वर गेलं. सप्टेंबरात वर्ग पुन्हा भरले तेव्हा मी मोठ्या हुशारीनं 'पाणी: काय तरंगतं, काय बुडतं' असा घटक आखला. गाभ्याचं वाक्य चांगलं होतं, साधनं चांगली होती. परातीत पाणी, त्यात झाकणं, चमचे, लाकडं आणि खेळण्यातली घरं. एका मुलानं घर बुडताना पाहिलं आणि तो रडायला लागला, मग दुसरी, मग तिसरा. मी संकल्पना निवडली होती, मुलांकडं बघितलंच नव्हतं. परात उचलली. आठवडाभर काहीच मांडलं नाही. त्या आठवड्यात मुलं आपणहून बाक उलटे करून बोटी चालवत होती, एकमेकांना ओढून बाहेर काढत होती. 'आजीला आधी घ्या, म्हस मागनं.' त्यांचा प्रश्न तरंगण्या-बुडण्याचा नव्हताच. कुणी कुणाला सोडवायचं, हा होता. म्हणजे 'जबाबदारी'. घटक तिथून सुरू केला.

त्यातही मोजमाप आलंच, कारण आमच्याकडं पावसाळ्यात मोठी माणसं एकमेकांना 'आयर्विनला किती फूट?' असंच विचारतात. 40 फूट इशारा पातळी, 45 धोका पातळी, हे आकडे घराघरात पाठ. शाळेच्या भिंतीवर पाण्याचा पट्टा राहिला होता. मुलांनी सुतळी लावून पाहिली. तो पट्टा बाईंच्या डोक्याच्याही वर होता. मग एका मुलीला वाटलं की आपण एकमेकांच्या खांद्यावर उभे राहिलो तर किती जण लागतील, आणि ते जमिनीवर आडवं झोपून मोजलं. तीन मुलं लागली, तिसऱ्याचे पाय थोडे बाहेर. त्या दिवशी पहिल्यांदा हसले सगळे.

आता तुमच्याकडं. माझी हळद उचलू नका. विट्याच्या बाजूला हळद तशी कमी, आणि मुळात तुमच्या मुलांच्या घरात जे चालतं त्यातून घ्यायचं. तुमच्याकडं यंत्रमाग आहेत. काही मुलं त्या खडखडाटातच झोपत असतील. संकल्पना घ्या 'रचना' (वरच्या सातांतल्या 'रूप'मध्ये बसते), म्हणजे 'हे कसं बनलंय?' गाभ्याचं वाक्य असं काहीसं: बारीक, कच्च्या गोष्टी ठरावीक पद्धतीनं गुंतवल्या की भक्कम गोष्ट तयार होते. चटईवर गोणपाटाचा तुकडा, जुनं घोंगडं, बुट्टी, खराटा, मागावरच्या चिंध्या, सुताचं रीळ. पहिलं काम विणणं नको, उसवणं द्या. मुलांना मोडायला आवडतं, आणि गोणपाट उसवताना उभा धागा आणि आडवा धागा बोटांना कळतो, डोळ्यांना नंतर. मग एक प्रश्न: 'एक धागा ओढला की तुटतो, कापड का तुटत नाही?' पुढं एखादी मोडकी बाज मिळाली तर तिच्यावर नवार किंवा जुन्या साडीच्या पट्ट्या, एक वर एक खाली. 'वर-खाली'चा क्रम चुकला की पट्टी निसटते, म्हणजे चूक तुम्हांला दाखवावी लागत नाही, बाजच दाखवते. अंगणात निम्मी मुलं रांगेनं उभी करा, बाकीच्यांनी दोरी धरून त्यांच्यामधून नागमोडी जायचं. हा तुमचा शारीरिक रकाना. माग बघायला सगळ्या 22 जणांना एकदम नेऊ नका. आवाज, पट्टे, धूळ. पाच-सहा जणांची तुकडी, दारातून पाहायचं, सोबत दोन मोठी माणसं.

बेंदराला मातीचे बैल करतच असाल. तेही याच संकल्पनेत बसतात. बारीक पायांचा बैल उभा राहत नाही, हे प्रत्येक मुलाला स्वतः एकदा कळावं लागतं, त्यामुळं पाय जाड कर असं आधी सांगू नका.

दुसरा घटक मनात ठेवा. तुमच्या तालुक्यातली कितीतरी कुटुंबं गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळून शुद्ध करायच्या, कामासाठी देशभर विखुरलेली आहेत. वर्गातल्या काही मुलांचे वडील वर्षातून एकदोनदाच घरी येत असतील. 'संबंध' ही संकल्पना त्या मुलांना पुस्तकातून शिकवायची गरज नाही. पप्पा कुठं आहेत, तिथं आत्ता पाऊस आहे का, तिथली भाषा काय, फोनवर दिसतात पण हात का लागत नाही. पण हा घटक दिवाळीनंतर घ्या, मुलं तुमच्याशी रुळल्यावर. कुणाच्या घरी वडिलांचा विषय नाजूक आहे हे आधी आयांशी बोलून घ्या. परातीतल्या घरांची चूक पुन्हा नको.

तो मिटून ठेवलेला तक्ता महिनाअखेरीस उघडा आणि झालेल्या कामावरून भरा. वरती तारीख टाकून 'प्रत्यक्षात आलेले विषय' असं लिहा. जे रकाने रिकामे राहतील ते रिकामेच द्या. संस्थेनं विचारलं तर तुमच्या नोंदींची वही पुढं करा.

सोमवारी सुरुवात करायची तर आणखी काही लागत नाही. गोणपाटाचा हातभर तुकडा चटईवर ठेवा, एक कोपरा तुम्ही थोडा उसवून ठेवा आणि शेजारी बसा. मुलं जी पहिली पाच वाक्यं बोलतील ती जशीच्या तशी लिहून मला पाठवा. त्यावरून पानाच्या मागच्या बाजूला काय लिहायचं ते आपण मिळून ठरवू.